पार्बताबाईचं बोंडलं

वलगावात पार्बताबाईच्या दारावरून जायचं म्हणजे बायांच्या जिवावर यायचं. टोपली झाकून नेली तर ती विचारायची, "झाकून काय नेऊन राहिली वं?" आणि उघडी नेली तर म्हणायची, "लोकाले दाखवत हिंडून राहिली का?" म्हणजे सुटका कुठूनच नाही. मिठात खडे, दुधात पाणी, सोयऱ्याच्या बोलण्यात खोच, सगळं तिला आधी दिसायचं, आणि मग मीठ, दूध आणि सोयरा दिसायचा. बाई नुसतीच संशयी असती तर गावानं हसण्यावारी नेलं असतं. पण तिचा संशय अधूनमधून खरा निघायचा, आणि तेवढ्या भांडवलावर ती वर्ष काढायची.

तिला तरी बोल काय लावायचा? माळ्याचं घर, पेढी नदीच्या काठी लहानसा मळा. वांगी, मेथी, झेंडू डोक्यावर घेऊन ती अमरावतीच्या बाजारात बसायची. नवरा खुशालराव तरणाताठा गेला, तेव्हापासून तर एकटीच. बाजारात एकट्या बाईला जो तो फसवायला टपलेला. तिथं जी ती डोळ्यांत तेल घालून बसली, ती घरी आल्यावरही तशीच बसली.

तिला एकच मुलगा, सहदेव. अंगानं दांडगा, स्वभावानं गरीब. त्याच्याकडे बोट दाखवून पार्बताबाई जगाला सांगायची, "हा बोंडल्यावर वाढला. मले दूध मस्त होतं, पण बाजारात जा लागे. म्हून मी त्याले शेळीच्या दुधावर टाकलं. पाहा कसा झाला तं. आईच्या दुधाचं लोक उगीच कौतिक करून राहिले."

बोंडलं तिच्या सासूच्या वेळचं. पितळेचं, मुठीएवढं पोट, वरून दूध ओतायला अरुंद तोंड आणि पुढं लेकराच्या ओठात द्यायची निमुळती चोच. ते फडताळात देवाजवळ राहायचं. दर सणाला ती त्याला चिंच लावून, राखेनं घासून असं लखलखीत करायची की देवांनाही मागं सरावं लागे. गावात कुणाच्या बाळंतिणीला दूध कमी पडलं की बोंडलं मागायला याच दारी यावं लागे, आणि मग पार्बताबाईचा दिवस चांगला जायचा.

पण खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती फक्त तिला आणि मेलेल्या सासूला ठाऊक होती. तिला दूध आलंच नव्हतं. थेंबभरसुद्धा नाही. सासूनं तेव्हा काय काय म्हणून घेतलं होतं. जाणूनबुजून आटवलं म्हणे, आंगात खोट आहे म्हणे. ते बोलणं पार्बताबाईनं गिळलं आणि त्यावर बोंडल्याची बढाई रचली. इतक्या वर्षांत बढाई इतकी घट्ट बसली होती की कधीकधी तिलाही ती खरी वाटायची.

मग कापसाची ती सालं आली. सातासमुद्रापलीकडं कुठं गोरे गोऱ्यांशी लढत होते, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडातल्या पऱ्हाटीला सोन्याचा भाव आला. सहदेवनं वांगी उपटली आणि मळ्याच्या काठापर्यंत पऱ्हाटी लावली. सगळ्या गावाचं तसंच. न्हाव्यानं धोपटी टांगून ठेवली आणि वेचणीला गेला. कल्हईवाल्यानं भाता विकून बैल घेतले आणि अमरावतीहून कापसाच्या गाड्या हाकायला लागला. गावची पितळी भांडी तशीच पडली. बायांनी ताक मडक्यात ठेवायला सुरुवात केली आणि कल्हईवाल्याच्या नावानं बोटं मोडली. त्याला काय त्याचं? तो शेल्याचा फेटा बांधून गाडीवर बसलेला असायचा.

त्याच धामधुमीत, पोळ्याच्या सुमारास, सहदेवच्या बायकोला मुलगा झाला. तिचं नाव शकुन, माहेर अकोल्याकडं बोरगावचं. तिचं पहिलं लेकरू जन्मताच गेलं होतं. म्हणून या दुसऱ्याचं नाक लगेच टोचलं, त्यात बारीकशी नथ घातली आणि नाव ठेवलं नत्थू, म्हणजे सटवाईला वाटावं की ही नकोशी मुलगी आहे, सोडून द्यावी. पार्बताबाईनं स्वतः नाक टोचलं. दुसऱ्या कुणाच्या हातावर तिचा भरवसा नव्हता.

बाळंतपणात शकुनला ताप भरला. ताप उतरला तेव्हा दूधही उतरून गेलं होतं. लेकरू छातीशी झटायचं, थकायचं आणि रडायचं. पार्बताबाईच्या तोंडून जे निघालं ते तिच्याच सासूचं बोलणं होतं, अक्षर न अक्षर तेच. "आटवलं कायनं ते सांग," ती म्हणाली. शकुन भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

पण पार्बताबाई नुसती बोलून थांबणारी नव्हे. तिनं सरकीची खीर सुरू केली. बाळंतिणीला दूध यावं म्हणून तिकडं हे करतातच. सरकी रात्रभर भिजवायची, पाट्यावर वाटायची, फडक्यातून पिळायची आणि ते पांढरं पाणी गुळात घट्ट शिजवायचं. रोज वाटीभर. आणि तोवर नत्थूला बोंडलं. तिनं ते फडताळातून काढलं, आतबाहेर चिंचेनं चोळलं, आत नदीचे बारीक गोटे आणि राख घालून खळखळ हलवलं, धुतलं. लेकराचं भांडं म्हणून रोजच्या रोज हा सोपस्कार. शेळीही दारात बांधली.

आणि नत्थूला उलट्या सुरू झाल्या.

प्यायला की ओकायचा. जुलाब हिरवट. दिवाळीपर्यंत त्याची मान काडीएवढी झाली आणि नाकातली नथ मोठी दिसायला लागली. पार्बताबाईचा संशय मोकाट सुटला. आधी शेजारची मनकर्णाबाई. तिनं म्हणे लेकराकडे पाहून "गोरं हाय" म्हटलं होतं. मीठमिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका सगळ्या आळीला बसला तरी नजर उतरली नाही. मग शेळी. शेळी काय खाते यावर पाळत ठेवली, आणि ती धोतऱ्याच्या झाडाजवळ उभी राहिली एवढ्यावरून विकून टाकली. दुसरी आणली, तरी तेच. मग शकुनच्या माहेरचा देव, मग बारशाला आलेली पार्बताबाईची स्वतःची बहीण. असं करत करत सगळ्यांचे नंबर लागून गेले. राहिलं फक्त बोंडलं, पण त्याच्यावर कोण संशय घेणार? त्याच्यावर सहदेव वाढला होता.

दिवाळी झाली आणि वेचणीची घाई आली. माणसं मिळेनात, तेव्हा सहदेवनं मेळघाटातून उतरलेल्या कोरकू बायांना वावरात लावलं. त्या सालात चिखलदऱ्याच्या डोंगरातूनही बायामाणसं कापसासाठी खाली येत होती. तरी पऱ्हाटी फुटून सांडत होती, म्हणून शकुनही नत्थूला टोपलीत घालून वेचायला जाऊ लागली. पार्बताबाईला गुडघ्यानं वावर जमत नव्हतं. तिनं घरून हुकूम दिला, "त्या डोंगरातल्या बायांपासून दूर राह्य. कपाळभर गोंदलेल्या, गळ्यात मण्यांच्या माळा. जडीबुटीवाल्या हायेत त्या. पाणीसुदिक घेऊ नको."

शकुननं मान हलवली. टोपलीत लेकरू, लोट्यात शेळीचं दूध, बाजूला बोंडलं आणि झाकलेल्या वाटीत खीर. "घरी खाल्ली का मले मळमळते आत्याबाई, वावरात खातो," असं तिनं सांगितलं होतं. वाटी रोज संध्याकाळी चाटूनपुसून परत येई.

आता इथं एखाद्या साध्या सासूनं देवापुढं साखर ठेवली असती, कारण नत्थू सुधारायला लागला. उलट्या थांबल्या. मांड्यांना वळ्या पडल्या. संध्याकाळी घरी यायचा तो पोट गच्च भरून, गालावर दुधाचा डाग घेऊन, गाढ झोपलेला.

पार्बताबाईनं साखर ठेवली नाही.

दूध तेच, बोंडलं तेच, आई तीच. मग सुधारला कायनं? शकुनची छाती अजून तशीच कोरडी, हे तिनं नजरेनंच ताडलं होतं. मग एवढी खीर जाते कुठं? आणि एवढा झोपतो काहून? एका संध्याकाळी तिनं स्वतः बोंडलं भरून त्याच्या ओठाला लावलं. जो पोरगा महिन्याआधी भुकेनं त्या चोचीवर तुटून पडायचा, त्यानं तोंड फिरवलं आणि आजीकडं पाहून जांभई दिली. ती जांभई पार्बताबाईच्या काळजात रुतली. तिनं दिवा जवळ आणून त्याचे डोळे उघडून पाहिले. त्याचं तोंड हुंगलं.

तिच्या मनात एकच शब्द आला: अफू.

ही काही हवेतली गोष्ट नव्हती. वेचणीला जाणाऱ्या बाया लेकरांना बाजरीच्या दाण्याएवढी अफू चाटवून धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, निजवायच्या. लेकरू दिवसभर पडून राहायचं, भूक नाही की रडणं नाही, आणि आईच्या ओट्यात कापूस पडत राहायचा. गेल्याच साली शेजारच्या मनकर्णाबाईची नात अशी निजली ती उठलीच नाही. पार्बताबाईनं त्या पोरीला आपल्या हातानं आंघोळ घातली होती. एवढुसं ते अंग तिच्या हातांना अजून आठवत होतं.

"सायदेवा," तिनं मुलाला अंगणात गाठलं, "तुही बायको लेकराले अफू देऊन राहिली."

सहदेव बैलाच्या पाठीवर थाप मारता मारता थांबला. "काई तरी काय माय. लेकरू तं बरं दिसून राहिलं."

"तेच तं! बरं दिसून राहिलं म्हून तं सांगतो. अफूनं आंगावर असंच तेज येते आधी. मी का बोळ्यानं दूध पेतो?"

"तिले इचारलं का तू?"

"इचारून कोणी सांगते का? मी पुरावा दाखवतो तुले. अन् दाखवला का तिले बोरगावले पोचवून द्यायची. लेकरू मी सांभाळतो. नाई तं हेही जाईल, पहिल्यासारखं." शेवटचं बोलताना तिचा आवाज फुटला. कितीही कजाग असली तरी या एका गोष्टीत तिच्यात खोट नव्हती. नातू गेला तर ती जगणार नव्हती, आणि हे तिला पक्कं कळलं होतं. शकुनला मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती आत दळत होती आणि नत्थू तिच्या मांडीवर झोपला होता.

पुरावा आपल्या पायांनी चालत आला. एका सकाळी शकुन टोपली घेऊन गेली आणि चुलीजवळ बोंडलं तसंच राहिलं. पार्बताबाई त्याच्याकडं बघत राहिली. लेकराची आई दिवसभराला निघते आणि लेकराचं भांडंच विसरते? ज्या लेकराला दूध पाजायचं नसतं, निजवायचंच असतं, त्याच्याच आईला असा विसर पडतो.

तिनं बोंडलं उचललं. अफू यातूनच दिली असेल तर पोटात कुठंतरी चिकटलेली असणार. तिनं बोंडल्यात कोमट दूध भरलं, चुलीच्या उबेला ठेवलं आणि अंगणात बसून वाट पाहिली. मनकर्णाबाई काहीतरी बोलायला आली होती, तिला तिनं "मंग ये" म्हणून वाटेला लावलं. उन्हं डोक्यावर आली तेव्हा तिनं चोच स्वतःच्या तोंडाला लावली. एवढी मोठी बाई, पांढऱ्या केसांची, बोंडल्यानं दूध पीत बसली होती. पाहणाऱ्याला हसू आलं असतं, पण तिथं पाहायला कुणी नव्हतं.

पहिल्या घोटालाच जीभ आकसली. कडू, तुरट, घशाला ओरबाडणारं. तिनं तरी हट्टानं सगळं पोटात ढकललं. थोड्याच वेळात पोटात ढवळून आलं आणि ती तुळशीजवळ भडभडून ओकली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तरी तिला आतून एक विजयाचा आनंद झाला, हे सांगायला पाहिजे. अफू कडूच असते. सापडली.

तिनं बोंडलं पदरात गुंडाळलं आणि दुखऱ्या गुडघ्यांनी वावराची वाट धरली. ही वाट तिनं महिनोन्‌महिने तुडवली नव्हती. दोन्ही बाजूंनी पऱ्हाटी पांढरीशुभ्र फुटलेली. एरवी तिनं कुणाच्या बोंडाला कीड लागली ते जाता जाता हेरलं असतं. आज तिला फक्त ती झोपलेली नात दिसत होती, मनकर्णाबाईची, आणि तिच्या जागी नत्थू.

सहदेव वावराच्या तोंडाशी गाडी भरत होता. आईला पाहून तो कापसाच्या ढिगावरून खाली उतरला. "चाल माह्यासंगं," ती एवढंच म्हणाली आणि धुऱ्याकडं वळली. तो मागोमाग गेला. वेचणाऱ्या बायांच्या रांगेतून डोकी वर झाली.

धुऱ्यावर बाभळीच्या सावलीत कोरकू बाई बसली होती. तिचं खरं नाव गावाच्या तोंडात बसत नव्हतं, म्हणून सगळे तिला मैनाबाई म्हणायचे. कपाळावर गोंदण, गळ्यात मण्यांच्या माळा. बाजूला फडक्यावर तिची स्वतःची तान्ही पोर. पुढ्यात खिरीची वाटी, पार्बताबाईच्या घरची, अर्धी खाल्लेली. मांडीवर नत्थू. त्याचं तोंड मैनाबाईच्या छातीला लागलेलं, आणि एक हात तिच्या माळेत अडकवून तो मन लावून पीत होता. शकुन समोर बसून त्याच्या पायावरून हात फिरवत होती.

सासूला पाहून ती उभी राहिली.

पार्बताबाईला एकाच वेळी इतकं दिसलं की कुठून सुरुवात करावी ते कळेना. खीर कुठं जात होती ते दिसलं. लेकरू कायनं सुधारलं ते दिसलं. जिच्या हातचं पाणीही घ्यायचं नाही त्या बाईचं दूध तिचा नातू पीत होता, तेही सगळ्यांच्या देखत, तेही महिनाभर. आणि तिला काय वाटत होतं? तर अफू. पण पितळ उघडं पडल्यावर मागं सरेल ती पार्बताबाई कसली. तिनं पदरातून बोंडलं काढलं.

"हे पाहा सायदेवा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "बोंडल्यात अफू हाय. मी पेऊन पाह्यलं, कडू जहर. आतडं तोंडात आलं माह्यं. आधी अफू देली अन् वरून हिचं दूध पाजून राहिली. बोल शकुन. देली का नाई?"

शकुननं मान खाली घातली नाही. "बोंडल्यानं मी दिवाळीपासून त्याले काहीच पाजलं नाई आत्याबाई," ती म्हणाली. "एक दिवस तो रडून रडून निळा झाला, तं या बाईनं न इचारता उचलला अन् छातीले लावला. तो पेला. अन् ओकला नाई. जन्मापासून पयल्यांदा ओकला नाई. मंग मी रोज तिलेच देतो. शेळीचं दूध तिलेच पाजतो, खीर तिलेच चारतो. तिच्या आंगावर दोन लेकरं हायेत. बोंडलं मी नुसतं तुमच्या भेवानं नेतो अन् नुसतं पाण्यानं धुऊन आणतो. आज तेही इसरली." तिनं नत्थूकडं पाहिलं. "तुमाले जे करायचं ते करा. मले बोरगावले धाडायचं तं धाडा. पण त्याले हिच्यापासून तोडू नका. मरन तो."

मैनाबाईला बोलणं सगळं कळलं नव्हतं, पण आवाज कळत होता. तिनं नत्थूला हातानं झाकलं.

दिवाळीपासून बोंडल्यात काहीच नाही, तर मग सकाळचं कडू काय होतं? पार्बताबाईची बुद्धी संशयाच्या बाबतीत कधी थांबत नसे, आणि आत्ताही थांबली नाही. तिनं बोंडलं उन्हाकडं धरलं आणि एक डोळा मिटून अरुंद तोंडातून आत पाहिलं. आत पांढरं काहीच नव्हतं. नुसतं उघडं, तांबूस पितळ, तिच्याच चिंचेनं आणि गोट्यांनी घासून घासून चकचकीत केलेलं, आणि चोचीच्या मुळाशी गर्द हिरवा थर.

कल्हई. बोंडल्याला कल्हईच उरली नव्हती.

बिनकल्हईच्या पितळेत ताक ठेवलं तर कळकतं, हिरवं होतं, पोटात गेलं तर ओकायला लावतं, हे वऱ्हाडातल्या पोरीसोरींनाही कळतं. तिनं स्वतः घरचं ताक मडक्यात हलवलं होतं. शेजारणींना सांगून हलवायला लावलं होतं. आणि तेच कळकलेलं दूध तिनं दोन महिने नातवाच्या घशात ओतलं, रोज, प्रेमानं, भांडं आधी नीट घासून. सकाळी जीभ आकसली तेव्हाही तिला ते कळकणं ओळखू आलं नव्हतं. मनात अफूच भरलेली होती, तर जिभेला दुसरं काय लागणार?

हे फक्त तिलाच दिसत होतं. बाकी कुणी बोंडल्यात पाहत नव्हतं, सगळे शकुनकडं पाहत होते. ते पुन्हा पदरात गुंडाळलं असतं, घरी नेऊन फडताळात ठेवलं असतं, तर जन्मभर कुणाला कळलं नसतं. शकुन बोरगावला गेली असती आणि पार्बताबाईचा शब्द राहिला असता. तिच्या मनात हे आलं नाही असं नाही.

मग बोंडलं तिनं सहदेवच्या हातात दिलं. "आत पाह्य," ती म्हणाली.

सहदेवनं पाहिलं. त्याला लगेच काही कळलं नाही.

"कल्हई नाई," ती म्हणाली. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असाच होता, पण मघासारखा धारदार राहिला नव्हता. "अफू गिफू काई नव्हती. तुह्या लेकराले म्याच मारून राहिली होती. या बाईनं वाचवलं, अन् तुह्या बायकोनं."

शकुन मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. सासूनं तिला उगी राहा म्हटलं नाही. त्या रडण्यावर आपला हक्क नाही, एवढं तिला कळत होतं.

पार्बताबाई गुडघ्यांवर हात टेकत धुऱ्यावर बसली. मैनाबाईनं भीतीनं बाजूला सरकवलेली खिरीची वाटी तिनं उचलली. उष्टी वाटी, अर्धी खाल्लेली. तिनं ती मैनाबाईच्या मोकळ्या हातात दिली आणि बोटं वाटीवर मिटवून दिली. "खाय," ती म्हणाली. "उद्यापासून मीच घेऊन येतो. दोन वाट्या." मैनाबाईनं शकुनकडं पाहिलं. शकुननं रडतच मान हलवली, तेव्हा ती खाऊ लागली. नत्थू पीतच होता. त्याला या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं.

फडक्यावरची मैनाबाईची पोर उठली आणि रडायला लागली. मैनाबाईचा एक हात नत्थूखाली आणि दुसऱ्यात वाटी. ती वाटी खाली ठेवणार, तोच पार्बताबाईनं पोरीला उचलून छातीशी धरलं. धुऱ्यापलीकडच्या बायांनी एकमेकींकडं पाहिलं.

पोर भुकेली होती. तिनं पार्बताबाईच्या लुगड्यात तोंड घुसळलं, इकडून शोधलं, तिकडून शोधलं, आणि काही सापडेना तशी आणखी जोरानं रडायला लागली. सहदेव शेजारीच बोंडलं हातात घेऊन उभा होता. पार्बताबाईनं पोरीच्या पाठीवर थोपटलं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळून पोरीच्या केसांत पडलं.

"थांब वं माय, थांब," ती म्हणाली. "इथं काई नाई. सायदेवाच्या येळीबी नव्हतं."